पडती बाजू

कॅमेरा पडला तो आईच्या हातून.
वाल्पाराइसोच्या टेकडीवर, घराखालच्या उघड्या जिन्यात,
सप्टेंबरातल्या सणाच्या दुपारी.
एका हातात एम्पनाडांचं गरम ताट,
दुसऱ्यात कॅमेरा, मनगटात न अडकवलेली दोरी.
अकरा पायऱ्या. मी मोजल्या.
बाराव्या पायरीवर कुणाचा तरी कुत्रा झोपला होता,
त्याच्या पोटाला लागून तो थांबला.
कुत्र्यानं एक डोळा उघडला, मिटला.

ताट सलामत.
नेल्दा मावशी म्हणाली, एदेल्मिरा,
तू नेहमी खायचंच आधी वाचवतेस.

कोपऱ्याला पोचा. पडदा शाबूत.
चालू केला तर दाढेखाली खडा यावा तसं करकरलं काहीतरी
आणि भिंग आलं की बाहेर! आम्ही टाळ्या वाजवल्या.
वाल्दोनं लगेच सगळ्यांना कठड्याशी उभं केलं.
मग बटण दाबून फोटो मोठा करून पाहिला:
उजवीकडे बंदर, बोटी, बोटींवरची नावंसुद्धा लख्ख,
डावीकडे काका नव्हताच,
काकाच्या मापाचं धुकं होतं.

आमच्या घरात डावं-उजवं कधी कुणी केलं नव्हतं.
ते कॅमेऱ्यानं सुरू केलं.

नव्याला पैसे नव्हते असं नाही.
पण आधी छपराचा पत्रा, मग वाल्दोचे दात,
मग पुढच्या वर्षी बघू.
तोवर प्रश्न एवढाच, की त्या बाजूला कोण.
काका म्हणाला, मी एकदा झालो.
मावशीनं केस नुकते रंगवलेले.
पोरांना कसं सांगायचं.
तेव्हा आई एप्रनला हात पुसत आली,
म्हणाली, पाडला मी, उभी मी राहते.
जसं काही कालचा पाव कुणी खायचा, हे ठरत होतं.

फोटोतली डावी म्हणजे उभं राहणाऱ्याची उजवी.
मावशीला ते शेवटपर्यंत उमगलं नाही.
आईला एकदाच सांगावं लागलं.

सहा वर्षं.
वाल्दोचं लग्न. त्याची दोन बाळं.
भूकंपाच्या रात्री रस्त्यावर मांडलेलं टेबल आणि मेणबत्त्या.
सगळ्यांत ती आहे,
निळसर, करडी, एकदा हिरवी,
आणि आम्ही बाकीचे इतके स्पष्ट
की मला माझी लाज वाटते.

जूनमध्ये ती गेली.
पेटीजवळ ठेवायला ओळखपत्राचा फोटो मोठा करून आणला.
त्यात ती कुणाचीतरी तक्रार ऐकून घेतेय असं वाटतं.

मग मी कॅमेरा ओनोफ्रेकडे नेला,
बाजाराच्या मागे, घड्याळांच्या दुकानात अर्धं टेबल आहे त्याचं.
त्यानं चार स्क्रू काढले, बशीत ठेवले.
आतलं एक भिंग कललंय, म्हणाला, केसभर.
सरळ करता येईल. खर्च कॅमेऱ्याहून जास्त.
मी विचारलं, आणि काढून झालेले?
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
बराच वेळ बशीतले स्क्रूच बघत राहिला.
ते नाही, म्हणाला.

मग म्हणाला, थांबा, किती बिघडलंय बघू तरी.
दारात उभ्या राहा. जरा सरका.
सांगायची गरज नव्हती, मी सरकलेच होते.

पडद्यावर दुकानाची पाटी, तिच्यातली एक चूक, अगदी वाचता येईल अशी.
पाटीच्या डावीकडे धुकं,
एक खांदा उतरलेला,
ताट धरून उभं असल्यासारखा.
स्वेटर तिचा होता, हे मी ओनोफ्रेला सांगितलं नाही.

कधी आणून देऊ, त्यानं विचारलं. पंधरा दिवस?
राहू दे, मी म्हणाले. स्क्रू तेवढे लावा.
त्यानं पैसे घेतले नाहीत.

जिना चढायच्या आधी
मी दोरी मनगटात अडकवली.
मग थांबून, तिला आणखी एक वेढा दिला.